सिकलसेल रक्तपेशींचे क्ष-किरण चित्रण

सिकलसेल रक्तपेशींचे क्ष-किरण चित्रण ही सिकलसेल आजारात आकार बदलणाऱ्या तांबड्या रक्तपेशींची आणि त्यांच्यातील हिमोग्लोबिनची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यासण्याच्या पद्धतींना दिलेली एकत्रित संज्ञा आहे. क्ष-किरण विवर्तनाने हिमोग्लोबिन रेणूतील अणूंची मांडणी कळते, तर मृदू क्ष-किरण टोमोग्राफीने गोठवलेल्या अखंड पेशीचे त्रिमितीय चित्र मिळते. हा आजार भंडारा जिल्ह्यासह संपूर्ण पूर्व विदर्भात आढळतो. आजाराचे निदान या चित्रणाने केले जात नाही. परंतु निदानाची सोपी चाचणी आणि काही औषधे ज्या गुणधर्मांवर आधारलेली आहेत, त्यांचे आकलन मोठ्या प्रमाणात क्ष-किरणांच्या अभ्यासातून झाले आहे.

## पार्श्वभूमी

### आजाराचे स्वरूप

निरोगी तांबडी रक्तपेशी दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखी असते. तिचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर आणि जाडी सुमारे २ मायक्रोमीटर असते. तिच्यात केंद्रक नसते. तिचा बहुतांश घन भाग हिमोग्लोबिनचा असतो. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. पेशी लवचीक असल्यामुळे स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती वाकून पुढे सरकते.

सिकलसेल आजारात ऑक्सिजन सोडून दिल्यानंतर सदोष हिमोग्लोबिनचे (एचबी-एस) रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ तंतू बनवतात. या तंतूंमुळे पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून आजाराला हे नाव मिळाले. अशा ताठ पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात व लवकर नष्ट होतात. परिणामी रक्तक्षय, हाडे व सांध्यांतील तीव्र वेदना, वारंवार जंतुसंसर्ग, प्लीहेचे विकार आणि कालांतराने निरनिराळ्या अवयवांची हानी संभवते.

आजार आनुवंशिक आहे. आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक मिळालेली व्यक्ती रुग्ण असते. एकाकडूनच मिळालेली व्यक्ती वाहक असते आणि सहसा तिला त्रास होत नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि जनुकापासून मुक्त असण्याची २५ टक्के असते.

### भंडारा जिल्हा व विदर्भ

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरी पर्वतातील आदिवासी समाजांत झाली. मध्य भारतातील आढळाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या तपासण्यांतून विदर्भातील अनेक आदिवासी समाज, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही हे जनुक आढळले.

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा धानशेतीचा व तलावांचा जिल्हा आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे त्याचे सात तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. धान कापण्याचा विळा येथे घरोघरी परिचयाचा असल्याने ‘विळ्याच्या आकाराची पेशी’ हे वर्णन आरोग्य शिक्षणात सहज समजते.

मध्य भारतातील रुग्णांमध्ये सदोष जनुकाचा ‘अरब-भारतीय’ प्रकार प्रामुख्याने आढळतो. या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने जास्त राहत असल्याने येथील आजार सौम्य असल्याचे पूर्वी मानले जाई. नागपूर परिसरातील बालकांच्या दीर्घकालीन निरीक्षणांत मात्र अनेकांना लहान वयातच तीव्र वेदना, गंभीर रक्तक्षय व जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले. एकच सदोष जनुक असूनही आजाराची तीव्रता रुग्णागणिक का बदलते, हा प्रश्न त्यामुळे या भागासाठी महत्त्वाचा ठरतो. त्याच्या उत्तराचा एक भाग पेशीच्या अंतर्गत रचनेत आहे.

## क्ष-किरणांची आवश्यकता

सिकलसेल पेशी प्रथम साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तातील लांबट, विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. आकार बदलल्याचे प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून दिसत होते, परंतु त्याचे कारण दिसत नव्हते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्यामुळे साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू नेहमीच्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवता येत नाहीत. हिमोग्लोबिनचा रेणू केवळ ५ ते ६ नॅनोमीटर आकाराचा आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता याहून पुष्कळ जास्त असते. परंतु इलेक्ट्रॉन जाड पदार्थातून आरपार जाऊ शकत नाहीत. हिमोग्लोबिनने गच्च भरलेल्या रक्तपेशीचे अंतरंग पाहण्यासाठी तिचे अतिशय पातळ काप करावे लागतात. क्ष-किरणांची तरंगलांबी लहान असते आणि ते अखंड पेशीतून आरपारही जातात. त्यामुळे हे दोन टोकांमधील अंतर भरून काढण्यासाठी ते उपयुक्त ठरतात.

रुग्णालयातील ‘एक्स-रे’ आणि येथे वर्णिलेले चित्रण यांत फरक आहे. सिकलसेल रुग्णाच्या छातीचा किंवा खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढला जातो, तेव्हा त्यात फुप्फुसाची किंवा हाडाची स्थिती दिसते. त्यासाठी वापरलेल्या अधिक ऊर्जेच्या किरणांना एकटी रक्तपेशी जवळजवळ पारदर्शक असते. पेशी पाहण्यासाठी वेगळ्या ऊर्जेचे किरण व वेगळी उपकरणे लागतात.

| पद्धत | काय दिसते | विभेदनाची साधारण पातळी |
|---|---|---|
| प्रकाशीय सूक्ष्मदर्शक | पेशीचा बाह्य आकार | २०० नॅनोमीटर |
| मृदू क्ष-किरण टोमोग्राफी | अखंड पेशीचे घनफळ, आकार व अंतर्गत घनता | काही दशक नॅनोमीटर |
| इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक | हिमोग्लोबिनचे सुटे तंतू | काही नॅनोमीटर किंवा त्याहून कमी |
| क्ष-किरण स्फटिकशास्त्र | रेणूतील अणूंची मांडणी | ०.२ नॅनोमीटरच्या आसपास |

## रेणूच्या पातळीवरील अभ्यास

### क्ष-किरण विवर्तन

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. स्फटिकातून जाताना क्ष-किरणांचे विवर्तन होते, हे माक्स फॉन लाउए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ मध्ये दाखवले. त्यापाठोपाठ विल्यम हेन्री ब्रॅग व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी विवर्तनाच्या नमुन्यावरून अणूंची मांडणी काढण्याची रीत विकसित केली. या पद्धतीत वस्तूची थेट प्रतिमा मिळत नाही. स्फटिकातील असंख्य समान रेणूंमुळे पडणाऱ्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणिताने रेणूची रचना काढावी लागते.

केंब्रिज येथे माक्स पेरुट्झ यांनी १९३७ मध्ये हिमोग्लोबिनच्या स्फटिकांचा अभ्यास सुरू केला. रेणूमध्ये पाऱ्यासारखे जड अणू बसवून विवर्तनातील बदल मोजण्याची युक्ती यशस्वी ठरल्यावर त्यांच्या गटाने १९६० मध्ये ०.५५ नॅनोमीटर विभेदनाची हिमोग्लोबिनची रचना प्रसिद्ध केली. या कार्यासाठी पेरुट्झ यांना जॉन केंड्रू यांच्यासमवेत १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

### सदोष हिमोग्लोबिनची उकल

लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेल रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते असे दाखवले आणि सिकलसेलला ‘रेण्वीय आजार’ म्हटले. १९५१ मध्ये पेरुट्झ, लिक्वोरी व आयरिख यांनी सिकलसेल हिमोग्लोबिनच्या विद्राव्यतेचा आणि क्ष-किरण विवर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्सिजनविरहित एचबी-एस निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा फार कमी विद्राव्य असते, ही बाब या काळात स्पष्ट झाली.

रासायनिक दोष नेमका कोठे आहे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आलेले असते. ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित व पाण्यात रमणारे असते, तर व्हॅलिन पाणी टाळणारे असते.

एका अमिनो आम्लाच्या बदलाने संपूर्ण पेशी वाकडी कशी होते, याचे उत्तर स्फटिकशास्त्रातून मिळाले. विश्नर, वॉर्ड, लॅटमन व लव्ह यांनी १९७५ मध्ये ऑक्सिजनविरहित एचबी-एसची ०.५ नॅनोमीटर विभेदनाची रचना प्रसिद्ध केली. स्फटिकात रेणूंच्या दुहेरी माळा आढळल्या. १९९७ मध्ये हॅरिंग्टन, अदाची व रॉयर यांनी हीच रचना ०.२०५ नॅनोमीटरपर्यंत स्पष्ट केली. एका रेणूवरील व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा शृंखलेतील फेनिलअॅलॅनिन (स्थान ८५) व ल्युसिन (स्थान ८८) यांच्यामधील खोबणीत बसते, हे त्यातून दिसले. ऑक्सिजन सुटल्यावर हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि तेव्हाच ही खोबण व्हॅलिनला सामावून घेण्याजोगी होते. म्हणूनच ऑक्सिजन कमी झाल्यावर पेशी वाकड्या होतात व ऑक्सिजन मिळाल्यावर त्यांतील काही पूर्ववत होतात. वारंवार वाकलेल्या पेशींचे पटल मात्र कायमचे बिघडते.

अशा सात दुहेरी माळा एकमेकींभोवती पिळून चौदा पदरांचा तंतू तयार होतो. त्याचा व्यास सुमारे २१ नॅनोमीटर असतो. तंतूची ही चौदा पदरी रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडली, तर माळेतील रेणूंचे परस्परांशी असलेले संपर्क क्ष-किरणांनी दाखवले.

## अखंड पेशीचे चित्रण

### जल-खिडकी

पेशीत पाण्याचे प्रमाण मोठे असते. पाणी व प्रथिने यांत स्पष्ट फरक दिसावा, यासाठी क्ष-किरणांचा एक विशिष्ट पट्टा वापरला जातो. सुमारे २.३ ते ४.४ नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे २८४ ते ५४३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण कार्बनचे अणू भरपूर शोषतात, परंतु ऑक्सिजनचे अणू फारसे शोषत नाहीत. त्यामुळे या पट्ट्यात पाणी बरेचसे पारदर्शक राहते आणि कार्बनयुक्त प्रथिने व मेद गडद दिसतात. या पट्ट्याला ‘जल-खिडकी’ म्हणतात. पेशीला रंग देण्याची किंवा तिचे काप करण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

### कार्यपद्धती

अशा मृदू क्ष-किरणांचा तीव्र झोत सहसा सिंक्रोट्रॉनमधून मिळवला जातो. सिंक्रोट्रॉनमध्ये जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वर्तुळाकार मार्गावर फिरणारे इलेक्ट्रॉन दिशा बदलताना क्ष-किरण उत्सर्जित करतात. हे किरण काचेच्या भिंगाने एकत्र करता येत नाहीत. त्यासाठी ‘झोन प्लेट’ वापरतात. ही एककेंद्री, अतिसूक्ष्म कड्यांची चकती असून ती विवर्तनाने किरण केंद्रित करते. सर्वांत बाहेरचे कडे जितके अरुंद, तितके चित्र अधिक बारकाईचे मिळते. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे ग्युंटर श्माल यांच्या गटाने १९७० च्या दशकात अशा चकत्यांवर आधारित क्ष-किरण सूक्ष्मदर्शक विकसित केले.

पेशीचे त्रिमितीय चित्र पुढील टप्प्यांनी तयार होते:

1. पेशी केसाहून बारीक काचेच्या नळीत किंवा पातळ जाळीवर ठेवून अत्यंत वेगाने गोठवल्या जातात. वेगामुळे बर्फाचे स्फटिक बनत नाहीत आणि पेशीची रचना तशीच राहते.
2. नमुना टप्प्याटप्प्याने फिरवून वेगवेगळ्या कोनांतून अनेक प्रतिमा घेतल्या जातात.
3. या प्रतिमांवरून संगणक पेशीचे त्रिमितीय प्रारूप रचतो. तत्त्व रुग्णालयातील सीटी स्कॅनचेच असते.

प्रारूपातील प्रत्येक बिंदूला किरण-शोषणाचे एक मूल्य मिळते. हे मूल्य त्या ठिकाणच्या कार्बनयुक्त पदार्थाच्या प्रमाणावर अवलंबून असते. त्यामुळे आकारासोबत पेशीत कोठे किती पदार्थ आहे, याचाही अंदाज मिळतो. अमेरिकेतील बर्कली येथील कॅरोलिन लॅराबेल व मार्क ल ग्रो यांनी २००४ मध्ये यीस्ट पेशीची ६० नॅनोमीटर विभेदनाची त्रिमितीय चित्रे प्रसिद्ध केली. बर्लिन, बार्सिलोना व ब्रिटनमधील सिंक्रोट्रॉन केंद्रांतही अशी सुविधा आहे.

### सिकलसेल पेशींचा अभ्यास

२०१६ मध्ये डॅरो व सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’ या नियतकालिकात सिकलसेल पेशींच्या मृदू क्ष-किरण टोमोग्राफीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक पेशीचे घनफळ आणि तिच्यातून बाहेर आलेल्या टोकांची संख्या मोजली. या दोन राशींमध्ये सांख्यिकीय संबंध आढळला व त्यावरून पेशी वाकडी होण्याच्या प्रक्रियेचे टप्पे ठरवता आले. स्फिंगोसिन कायनेज-१ या विकराला रोखणारे एक संयुग वापरल्यावर पेशींच्या आकारांत झालेला बदल पाहता ते ही प्रक्रिया लांबवत असल्याचे सूचित झाले.

या निष्कर्षाचे महत्त्व प्रक्रियेच्या कालक्रमात आहे. एचबी-एसचे तंतू ऑक्सिजन सुटताच बनत नाहीत. त्यापूर्वी काही विलंबकाल जातो. पेशीतील एचबी-एसची संहती थोडी जरी कमी झाली, तरी हा काळ पुष्कळ वाढतो. पेशी तेवढ्या वेळात केशवाहिनी ओलांडून पुन्हा फुप्फुसाकडे गेली, तर ती अडकत नाही. उलट शरीरातील पाणी कमी झाल्यास पेशी आक्रसतात व संहती वाढते. रुग्णांना भरपूर पाणी पिण्याचा आणि उन्हात श्रम टाळण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे हे कारण आहे. विदर्भातील उन्हाळ्यात तो विशेष लागू पडतो.

## हिवताप व सिकलसेल

अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून सिकलसेल वाहकांना फाल्सिपेरम हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते असे दाखवले. हिवतापाचा प्रादुर्भाव दीर्घकाळ असलेल्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहण्याचे कारण त्यातून स्पष्ट होते.

हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन पचवतो आणि त्यातून मोकळा होणारा विषारी हीम ‘हिमोझॉइन’ या स्फटिकात साठवतो. हिमोझॉइनशी समरूप असलेल्या संश्लेषित पदार्थाची स्फटिकरचना २००० मध्ये क्ष-किरण विवर्तनाने निश्चित झाली. परजीवीने ग्रासलेल्या रक्तपेशींची मृदू क्ष-किरण सूक्ष्मदर्शकातील चित्रे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पुढे टोमोग्राफीने पेशीच्या आत हे स्फटिक कोठे व कसे वाढतात, हेही अभ्यासता आले. क्लोरोक्विन गटातील औषधे या स्फटिकांच्या वाढीत अडथळा आणतात.

## उपचारांशी संबंध

गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन एचबी-एसच्या तंतूत सामील होत नाही. त्याचे प्रमाण वाढल्यास तंतूंची वाढ खुंटते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा एक प्रमुख परिणाम हे प्रमाण वाढवणे हा आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली आणि भारतातही ते वापरले जाते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुक-संपादनावर आधारित ‘कॅसजेव्ही’ ही उपचारपद्धतीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची निर्मिती पुन्हा सुरू करते.

व्हॉक्सेलोटर हे औषध हिमोग्लोबिनच्या रेणूला जोडले जाऊन त्याला ऑक्सिजनयुक्त आकारात धरून ठेवते. त्याच्या विकासात स्फटिकरचनेचा उपयोग झाला. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. परंतु फायद्यापेक्षा धोका अधिक असल्याचे दिसल्यावर उत्पादकाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घेतले. रेणूची रचना अचूक माहीत असली, तरी औषधाचा रुग्णावरील परिणाम स्वतंत्रपणे तपासावा लागतो, हे या उदाहरणावरून दिसते.

## निदानातील स्थान

गावपातळीवरील तपासणीसाठी विद्राव्यता चाचणी वापरली जाते. बोटातून घेतलेले थोडे रक्त एका द्रावणात मिसळले जाते. द्रावणातील रसायने पेशी फोडतात आणि हिमोग्लोबिनमधील ऑक्सिजन काढून घेतात. एचबी-एस असल्यास ते अविद्राव्य होऊन द्रावण गढूळ होते आणि नळीमागील रेषा दिसेनाशा होतात. ऑक्सिजनविरहित एचबी-एसची जी अल्प विद्राव्यता १९५१ मध्ये क्ष-किरणांसोबत अभ्यासली गेली, तीच येथे डोळ्यांनी दिसते.

ही चाचणी रुग्ण व वाहक यांत फरक करू शकत नाही. नवजात बालकांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असल्याने तिचा निष्कर्ष विश्वासार्ह नसतो. म्हणून पुढील निश्चितीसाठी विद्युतसंचरण किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी, समुपदेशन आणि जनुकीय स्थिती दर्शवणारी कार्डे देणे हे अभियानाचे भाग आहेत. विवाहापूर्वी दोन्ही व्यक्तींना आपली स्थिती माहीत असणे प्रतिबंधासाठी उपयुक्त ठरते.

## मर्यादा

- मृदू क्ष-किरण टोमोग्राफीची विभेदनक्षमता २१ नॅनोमीटर व्यासाचा सुटा तंतू स्पष्ट दाखवण्यास सहसा अपुरी पडते. तंतूंचा पेशीच्या आकारावर झालेला परिणाम मात्र दिसतो.
- पेशी गोठवलेली असल्यामुळे एका क्षणाचेच चित्र मिळते. एकाच पेशीत होणारे बदल सलग पाहता येत नाहीत. निरनिराळ्या टप्प्यांवरील अनेक पेशींची तुलना करावी लागते.
- चित्रणासाठी लागणारी किरणोत्सर्गाची मात्रा दशलक्ष ग्रे किंवा त्याहून अधिक असू शकते. ही मात्रा जिवंत पेशीसाठी घातक असते. रुग्णाच्या शरीराचे असे चित्रण शक्य नाही. केवळ काढलेल्या रक्ताचा अभ्यास करता येतो.
- सिंक्रोट्रॉन केंद्रे मोजकीच आहेत आणि तेथील वेळ मर्यादित असतो.

## भारतातील सुविधा

भारतातील सिंक्रोट्रॉन मध्य प्रदेशात इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहेत. इंडस-१ ची ऊर्जा ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर इंडस-२ ची २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. इंडस-२ वर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली प्रथिन-स्फटिकशास्त्राची किरणवाहिनी आणि क्ष-किरण चित्रणाची स्वतंत्र किरणवाहिनी आहे. चित्रणाची ही किरणवाहिनी अधिक ऊर्जेच्या किरणांवर चालते व मुख्यतः मायक्रोमीटरच्या पातळीवरील रचनांसाठी उपयुक्त आहे. जल-खिडकीतील पेशीचित्रणापेक्षा तिचे कार्य वेगळे आहे.

हिमोग्लोबिनच्या विकारांवर मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था संशोधन करते. याच विषयासाठी तिचे एक केंद्र विदर्भात चंद्रपूर येथे आहे.